स्वस्त घेणे आणि न्यायाने घेणे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत मी दोन शब्द बोलावेत असे आमंत्रण घेऊन महोत्सव समितीचे दोघे सद्‌गृहस्थ माझ्या घरी आले, तेव्हा मी त्यांना विषय कोणता, असे विचारिले. “आपणांस रुचेल तो,” असे उत्तर मिळाले. पुढे चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या, आणि उठता उठता त्यांपैकी एकाने आपल्या मनगटावरील नवे घड्याळ मला कौतुकाने दाखविले. एका दुकानाने नव्या गिऱ्हाइकास पहिल्या खरेदीवर निम्मी सूट जाहीर केली होती. ह्या गृहस्थांनी पहिले घड्याळ स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घेतले, दुसरे पत्नीच्या, तिसरे आईच्या आणि चौथे आजीच्या. आजीबाई दोन वर्षांपूर्वीच प्रभूच्या घरी गेल्या आहेत. क्रमांक मात्र अद्याप घरात चालू आहे. आम्ही तिघेही मनमुराद हसलो. हे मी त्यांची परवानगी घेऊनच सांगत आहे. त्यांचे नाव सांगणार नाही. ते ह्या क्षणी खाली मान घालून बसले आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते हसू ओसरले. आपण कशास हसलो, असा विचार मनात आला. ज्या माउलीच्या आत्म्याच्या शांतीसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, तिलाच आपण दुकानाच्या वहीत नवे गिऱ्हाईक म्हणून उभे करतो, आणि तेही एका घड्याळासाठी! येणेप्रमाणे विषय आपण होऊन मजकडे चालत आला. दुकानदाराने देऊ केलेल्या सवलतीचा लाभ घेणे कोठवर रास्त, आणि कोठून पुढे ते चोरीच्या अंगणात जाते, ह्याचा थोडा विचार आज आपणांसमोर मांडावा असे योजिले आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. माझा जन्म भाजीच्या टोपलीजवळ गेला आणि उमेदीचा काळ शाळेच्या फळ्याजवळ. तेव्हा चुकले तर येथे बसलेले धर्मगुरू मला सुधारतीलच.

घड्याळवाल्या मित्राने माझ्या शंकेला दिलेले उत्तर प्रथम घेतो, कारण ते आपल्यापैकी पुष्कळांचे उत्तर आहे. ते म्हणाले, “गुरुजी, दुकानदार काय आपल्याला कमी लुटतात?” ह्या उत्तरात तथ्य नाही असे नाही. ह्याविषयी विलायतेतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडात हूवर नावाची घरोपयोगी यंत्रे करणारी कंपनी फार प्रसिद्ध होती. इतकी, की यंत्राने केर ओढण्याच्या क्रियेलाच तेथील लोक तिचे नाव देत. १९९२ साली मंदी होती आणि गोदामांत यंत्रे पडून होती. तेव्हा कंपनीने जाहीर केले की, जो कोणी १०० पौंडांचा माल विकत घेईल त्यास युरोपात जाण्यायेण्याची विमानाची दोन तिकिटे मोफत. लोकांची झुंबड उडाली. हुरूप येऊन कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेची तिकिटेही देऊ केली. आता अमेरिकेच्या दोन तिकिटांची किंमत त्या केर ओढण्याच्या यंत्राच्या कितीतरी पट होती. हे कंपनीला कळत नव्हते काय? कळत होते, परंतु तिचा हिशेब निराळा होता. पुष्कळजण महागडी यंत्रे घेतील, आणि अर्ज, मुदती, गैरसोयीचे विमानतळ, नको त्या तारखा ह्यांना कंटाळून तिकिटे मागावयास फारसे कोणी येणारच नाही, असा तो हिशेब होता. म्हणजे वचन देतानाच ते पाळण्याची पाळी येऊ नये अशी तजवीज!

परंतु लोक चिकाटीचे निघाले. त्यांनी नेमके स्वस्तात स्वस्त यंत्र घेतले, अर्ज भरले, आणि दोन लाखांहून अधिक लोक विमानात बसले. कित्येकांना यंत्र नकोच होते. खोकी न उघडता ती वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून मिळेल त्या किमतीस विकली गेली. कंपनीस सुमारे ५ कोटी पौंडांचा खड्डा पडला, वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरी पाठविण्यात आले, ज्यांना तिकिटे मिळाली नाहीत त्यांचे दावे १९९८ पर्यंत कोर्टांत चालले, आणि मधल्या काळात, १९९५ साली, तिच्या अमेरिकन मालकांनी युरोपातील तो सारा व्यवसाय एका इटालियन कंपनीस तोट्यात विकून टाकला.

ह्या प्रकरणी कैवार कोणाचा घ्यावा? माझे मत असे की, ज्याने जाहिरात वाचून, तिच्या अटी पाळून, आपले तिकीट मागितले त्याने चोरी केली असे कोणासही म्हणता येणार नाही. चव्हाट्यावर दिलेला शब्द पाळावाच लागतो, आणि तो मूर्खपणाने दिला म्हणून घेणारा पापी ठरत नाही. त्याचे दुसरे काही चुकले असेल, त्याकडे मी मागाहून येतो. आपल्या देशातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, ज्या वस्तूची किंमत गुपचूप बिलात धरली आहे ती फुकट म्हणून दाखविणे अनुचित ठरविले आहे; आणि “आता दोनच नग शिल्लक” अशी खोटी घाई लावणे वगैरे तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांना २०२३ साली सरकारने नावानिशी मज्जाव केला आहे. दुकानदार सारे साधुसंत असते तर असे कायदे लागले नसते. हे सर्व मान्य. पण त्यावरून आजीबाईंना नवे गिऱ्हाईक करण्याची मुभा मिळते काय? दुकानाची अट स्पष्ट होती. ती पाळल्याचे सोंग केले गेले. हूवरच्या गिऱ्हाइकाने अट पाळली, आमच्या मित्राने अटीला फसविले. लबाडाशी लबाडी केली तर ती लबाडी राहत नाही, असे सातव्या आज्ञेखाली कोठे लिहिलेले मी वाचले नाही.

आता ह्याच्या अगदी उलट हकीकत ऐका. अमेरिकेत मेन नावाचे थंडीचे, रानावनाचे संस्थान आहे. तेथे १९१२ साली बीन नावाच्या गृहस्थाने शिकाऱ्यांसाठी खाली रबर आणि वर चामडे असे बूट विकावयास काढिले. पहिले १०० जोड गेले, आणि त्यांतले ९० शिवण उसवून परत आले. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारले, आणि माल पसंत न पडल्यास परत आणावा, असा शब्द दिला. तो शब्द एल. एल. बीन ह्या त्याच्या दुकानाने शंभर वर्षे पाळला. मुदत नाही, वाद नाही.

मग चतुर लोक निपजले. पंधरा पंधरा वर्षे वापरून झिजलेले बूट घेऊन ते येऊ लागले. कोणी जुन्यापुरान्या बाजारात चार पैशांना घेतलेले, तर कोणी कचऱ्यातून उचललेले कपडे आणून त्याबद्दल नवे मागू लागले. दुकानाचा शब्द अक्षरशः पाहिला तर त्यांचे मागणे चूक म्हणता आले नसते! शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीत दुकानाने तो शब्द मागे घेतला. आता एक वर्षाची मुदत, आणि पावती दाखविली पाहिजे. केवळ नष्टच करावा लागेल असा माल परत घेण्यापायी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर बुडाले, असे मालकांनी सांगितले.

बंधुभगिनींनो, हूवरपेक्षा ही हकीकत मला अधिक अस्वस्थ करते. तिकडे सापळा दुकानदाराने लाविला होता. इकडे त्याने विश्वास टाकिला होता. आपल्या गावांत पूर्वी गायराने असत. ज्याने त्याने आपली दोन जनावरे चारावीत आणि घरी न्यावीत, एवढ्यावर ते हिरवे राहत असे. एकाने तेथे वीस जनावरे घातली तर त्याला कोणता कायदा आडवा येई? पण पुढच्या उन्हाळ्यात विधवेच्या एकुलत्या शेळीला गवत उरत नसे. दुकानदाराचा विश्वास हे असेच गायरान आहे. पावती हरविलेला एखादा प्रामाणिक मनुष्य आज आपला खरोखर उसवलेला बूट घेऊन त्या दुकानी गेला तर त्यास पहिल्यासारखा मान मिळणार नाही. आणि तो कोणी घालविला हे त्याला कधी कळणारही नाही.

अमेरिका दूर आहे असे म्हणू नका. रविवारी लग्नात मिरविलेला कोट, गळपट्टीत दुकानाची चिठ्ठी तशीच लपवून, सोमवारी “मापात बसत नाही” म्हणून परत गेल्याची उदाहरणे आपल्या धर्मग्रामातच मला ठाऊक आहेत. त्या कोटात देवळातील आशीर्वादही घेतला गेला होता.

ह्या विषयावर आपल्या आचार्यांनी जो विचार केला आहे तो इतका जुना व इतका ताजा आहे की मी वाचून थक्क झालो. संत ऑगस्टिन, जे इसवी सन ४३० मध्ये आफ्रिकेतील हिप्पो नगरीत बिशप असताना निवर्तले, त्यांनी पवित्र त्रैक्यावर लिहिलेल्या आपल्या गहन ग्रंथात मध्येच एका नटाची गंमत सांगितली आहे. त्या नटाने नाट्यगृहात दवंडी पिटविली की, पुढच्या खेळाला मी प्रत्येकाच्या मनात काय आहे ते सांगेन. त्या दिवशी तोबा गर्दी लोटली. सर्वत्र शांतता. नट म्हणाला, तुम्हां सर्वांना स्वस्तात घ्यावयाचे आहे आणि महागात विकावयाचे आहे. प्रत्येकाने आपले मन चाचपून पाहिले आणि टाळ्यांचा कडकडाट केला. संत ऑगस्टिन मात्र टाळी वाजवीत नाहीत. ते म्हणतात, हे सर्वांच्याच मनात असते असे नाही, आणि असले तरी तो दोषच आहे. पुरावा म्हणून ते आपल्या माहितीतल्या एका माणसाची गोष्ट सांगतात. त्याच्याकडे कोणी एक हस्तलिखित ग्रंथ विकावयास आला. विकणाऱ्यास ग्रंथाचे मोल ठाऊक नव्हते. त्याने अगदी थोडे पैसे मागितले. घेणाऱ्याने मात्र त्याचे खरे जे मोल, म्हणजे मागितल्याच्या कितीतरी अधिक, ते त्याच्या हातावर ठेविले.

त्या माणसाचे नाव ग्रंथात नाही. सोळाशे वर्षे तो बिननावाचा उभा आहे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्याच प्रश्नाची सांगोपांग छाननी केली. ते फार व्यवहारी आहेत. रास्त किंमत ही काही केसाच्या टोकावर तोलावयाची नसते, तो एक अंदाज असतो, आणि थोडे कमीजास्त झाले म्हणून न्याय बिघडत नाही, असे ते सांगतात. तेव्हा बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या भगिनींनी भिऊ नये. पण पुढे ते म्हणतात की, विकणारा अज्ञानाने सोने तांबे समजून विकीत असेल आणि घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तर ते घेणे अन्यायाचे होय, आणि घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन आहे. लक्षात घ्या, हे बंधन घेणाऱ्यावर आहे. अन्याय नेहमी गल्ल्यामागे बसलेलाच करतो असे आपण धरून चालतो; संत थॉमस तसे धरीत नाहीत. आपल्या काळात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथातही सातव्या आज्ञेच्या विवरणात हेच सूत्र आहे: देशाच्या कायद्यात बसत असले तरी दुसऱ्याचे अन्यायाने घेणे व ठेवून घेणे हे आज्ञाभंगच होय, आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन किमतीची ओढाताण करणे त्यातच मोडते.

एका हुशार तरुणाने मला विचारले, मग शुभवर्तमानातील तो शेतात ठेव सापडलेला मनुष्य? त्याने तर ठेव पुन्हा झाकून, मालकास न सांगता शेत विकत घेतले! मी त्याला म्हटले, बाळा, प्रभूने त्या माणसाचा सौदा वाखाणला नाही. त्याने आपले होते नव्हते ते सारे विकले, ते वाखाणले. आजच्या सवलतींत ती अट कोणी घालीत नाही.

“अडचण” हा शब्द निघाला म्हणजे मला माझी आई आठवते. आमची लहानशी वाडी होती. पहाटेच्या गाडीने आई वसईहून दादरला जाई. डोक्यावर टोपली, तीत वांगी, पडवळ, कोथिंबीर, आणि हंगामात आगाशीकडून आलेली सुकेळी. दिवसभर फुटपाथवर बसून ती वाटे लावी. अंधार पडण्यापूर्वी घर गाठावयाचे तर संध्याकाळची एक ठरलेली गाडी तिला मिळालीच पाहिजे, कारण घरी आम्ही पाच लहान मुले. सुटीत मी तिच्यासोबत जाई. एक बाई रोज त्या गाडीच्या आधी दहा मिनिटे येत. नेसण्याला उंची लुगडे, बोलणे मोठे गोड. त्यांना आमची गाडी ठाऊक होती. टोपलीत उरलेले सगळे त्या निम्म्या किमतीत मागत आणि मग काहीही न बोलता नुसत्या उभ्या राहत. आई एकदा टोपलीकडे बघे, एकदा स्टेशनाच्या दिशेने बघे, आणि देऊन टाकी. वर मूठभर कोथिंबीर त्या स्वतःच उचलीत.

त्या बाईंनी कोणता कायदा मोडिला? एकही नाही. आईने राजीखुशीने दिले होते. “राजीखुशी” ह्या शब्दाकडे मी तेव्हापासून संशयाने पाहतो.

आई काही देवदूत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. किडका घेवडा वाट्याच्या तळाशी घालण्याचे काम तिने कधी कधी मजवर सोपविले आहे, आणि ते मी हौसेने केले आहे. बाजार दोन्ही बाजूंनी माणसाला शिकवीत असतो.

आपण म्हणाल, टोपलीवाली गरीब होती. मोठ्या दुकानाचे तसे काय? समजूत अशी आहे की, दुकान मोठे झाले म्हणजे समोर मनुष्य उरत नाही. उरते ते केवळ नाव आणि दिव्यांची पाटी. वस्तुतः दुकान जितके मोठे तितकी त्यात लहान माणसे अधिक. गल्ल्यावर आठ तास उभी राहणारी मुलगी आहे, घामाघूम होऊन जिना चढणारा आणि नको झालेली वस्तू पुन्हा खाली नेणारा पोऱ्या आहे, रात्री मालाची मोजदाद करणारा कारकून आहे. तोटा मालकापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत ह्यांच्यापैकी कोणाला तरी लागतो. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात खरेदी हा केवळ पैशाचा व्यवहार नसून नीतीचाही आहे असे जे बजाविले, त्याचा अर्थ मला ह्या लहान माणसांकडे पाहिले म्हणजे कळतो.

आता मघाशी बाजूला ठेविलेल्या गोष्टीकडे येतो. हूवरच्या त्या गिऱ्हाइकाने चोरी केली नाही हे खरे. पण जे यंत्र नको होते ते त्याने का घेतले? येथे चोरीचा प्रश्न संपतो आणि लोभाचा सुरू होतो. आपल्या भाषेत एक मोठा मौजेचा प्रयोग रूढ झाला आहे. मनुष्य दोन हजार रुपये खर्चून घरी येतो आणि सांगतो, “पाचशे रुपये वाचले.” घरची मंडळीही विचारतात, “किती वाचले?” किती गेले, हे कोणी विचारीत नाही. जी वस्तू घ्यावयाचीच नव्हती तिच्यावर वाचलेले पैसे कोणत्या डब्यात ठेवतात, ते मला अद्याप कोणी दाखविलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले म्हणून आम्ही आमचा माळा रिकामा केला. तीन मिक्सर निघाले, त्यांतले दोन खोक्यांत. एकावर एक मोफत मिळालेल्या चादरी निघाल्या. वरच्या घडीला कसर लागली होती आणि खालची घडी मोडलीच नव्हती. काचेच्या पेल्यांचे चार संच निघाले, आणि पाहुणे आले म्हणजे आमच्या घरी चहा स्टीलच्या पेल्यातच दिला जातो. संत लूकच्या बाराव्या अध्यायातील धनिकाने धान्य मावेना म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधावयाचे ठरविले, आणि त्याच रात्री त्याचे बोलावणे आले. आम्ही ती वचने कित्येक वर्षे देवळात ऐकत आलो. कोठार म्हणजे काहीतरी शेताकाठचे, यहुदी देशातले, अशी माझी कल्पना होती. शिडीवर उभा राहून खोकी खाली देताना मला कळले की मी कोठारातच उभा आहे.

ही ओढ एकट्यादुकट्याची राहत नाही तेव्हा ती काय करते, हे आपण पाहिले आहे. २००६ च्या २६ जानेवारीस, प्रजासत्ताकदिनी, आपल्या देशात त्या वेळी नावाजलेल्या बिग बझारने वर्षातील सर्वांत स्वस्त दिवस जाहीर केला. गर्दी इतकी लोटली की पोलीस बोलवावे लागले आणि ठिकठिकाणी दरवाजे बंद करावे लागले. लोक दाराबाहेर ताटकळले, पण जिवानिशी सुटले. २००८ च्या २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम येथे तसे झाले नाही. आभारप्रदर्शनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तिकडे मोठी सवलत असते. पहाटेच वॉलमार्टच्या दाराशी जमलेल्या जमावाने दरवाजा मोडून आत मुसंडी मारली आणि दाराशी उभा असलेला एक तात्पुरता नोकर पायांखाली तुडवला जाऊन मेला. आदल्या दिवशी त्याच लोकांनी कुटुंबासह मेजाभोवती बसून देवाचे आभार मानले असतील. त्यांत कोणी खुनी नव्हता. प्रत्येकजण केवळ पुढच्याच्या मागे होता.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९१ साली लिहिले की, चांगले जगण्याची इच्छा वाईट नव्हे. अधिक असणे म्हणजेच अधिक चांगले जगणे असे मानणे वाईट. मी त्यात माझ्या पदरचे एवढेच घालीन की, स्वस्ताईची ओढ ही महागाईच्या ओढीपेक्षा फसवी आहे. उंची वस्तू घेताना मनुष्यास आपण चैन करीत आहोत हे ठाऊक असते, आणि उपवासकाळात तो निदान ओशाळतो. स्वस्त वस्तू घेताना त्यास आपण काटकसर करीत आहोत असे वाटते, आणि काटकसर हा तर सद्‌गुण! लोभ सद्‌गुणाचा झगा घालून येतो तेव्हा त्याला पापनिवेदनाच्या खुर्चीपर्यंत कोण नेणार?

येथे मला थांबता आले असते. परंतु घड्याळवाल्या मित्राची कथा चारचौघांत सांगितल्यावर स्वतःची लपविणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या आधी मी व माझी पत्नी मुंबईतील एका मोठ्या दुकानात कुकर घेण्यास गेलो. किंमत २,३४० रुपये. गर्दी फार होती. गल्ल्यावरील मुलगी वीसबावीस वर्षांची असेल. दोन्ही हातांनी काम करीत होती आणि डोळ्यांवर झोप होती. आम्ही पैसे दिले, पिशवी घेतली, गाडी धरिली. अंधेरी गेल्यावर मी बिल वाचावयास काढिले. कुकरऐवजी त्यात ठेवावयाच्या डब्यांची किंमत लागली होती: ४४० रुपये. आणखीही चार जिनसा असल्याने पैसे देताना ते ध्यानात आले नव्हते. मी बिल पत्नीपुढे धरिले. तिने वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बोरिवली आली. गाडी थांबली. उतरावयास पुरेसा वेळ होता. मी मनाशी म्हणालो, “मोठे दुकान आहे, त्यांना काय कळणार, आणि ते काय कमी लुटतात?” भाईंदरची खाडी ओलांडली तेव्हा मी बिलाची घडी करून खिशात घातली होती.

तीन आठवडे गेले. तीन रविवार मी देवळात गेलो, गोठा पाहिला, नाताळची गाणी गाइली. जानेवारीत एकदाचा धीर करून दुकानात गेलो व तेथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थास सर्व सांगितले. त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. महिनाअखेरीच्या मोजदादीत एक कुकर कमी व डबे जास्त भरले होते. कोणत्या गल्ल्यावर चूक झाली हे त्यांना सापडले होते. रक्कम त्या मुलीच्या पगारातून वळती झाली होती. आणि मुलगी नोकरी सोडून गेली होती. मी १,९०० रुपये पुढे केले. तो म्हणाला, “काका, हिशेब बंद झाला. आमच्या यंत्रात असे पैसे घ्यायला जागाच नाही.”

मी ते पैसे देवळातील गरिबांच्या पेटीत टाकावयास निघालो होतो, आणि टाकून मोकळा झालोही असतो. पण त्याआधी पापनिवेदनास गेलो. तेथे काय बोलणे झाले ते माझ्यापुरते सांगावयास मला मोकळीक आहे. धर्मगुरूंनी विचारिले, “ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावयाचे असते. तो खरोखरच सापडत नसेल तर गरिबांना. तुम्ही शोधलेत का?” मी शोधले नव्हते.

मग दुकानातील दुसऱ्या एका मुलीकडून एवढे समजले की, ती नालासोपाऱ्याला पूर्वेस कोठेतरी राहत असे. तिचे पहिले नाव बिलावर छापलेले आहे, आडनाव नाही. दोनदा मी तिकडे जाऊन आलो. त्या नावाच्या दोघीजणी भेटल्या; दोघींनीही कधी दुकानात काम केले नव्हते, आणि त्यांपैकी एकीच्या बापाने मला बराच वेळ दारातच उभे करून ठेविले. त्यात त्याची काही चूक नव्हती. पाकीट बिलासकट आमच्या कपाटात, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या डब्यात आहे. महोत्सवाची धामधूम संपली की पुन्हा एकदा नालासोपाऱ्यास जाण्याचा विचार आहे, आणि ह्या खेपेस घड्याळवाले मित्रही बरोबर येतो म्हणाले आहेत. कुकर मात्र चांगला निघाला. आमच्या घरचा भात अद्याप त्यातच शिजतो.